दिसलं

लूबाने दाराशी बूट काढले आणि ढिगातल्या सगळ्यांत महागड्या जोडीवर पाय देऊनच ती आत गेली.

गावाला रस्ता नाही. नदी गोठली की तिच्यावरून ट्रक जातात. एरवी दूध, नवरी, शवपेटी, सगळं विमानानेच.

दाढ सुजलीय, असं लूबाच्या मात्रोनाआत्याने गालावर हात धरून खुणेनेच सांगितलं होतं. मंगळवारपासून ती बोललीच नव्हती.

"दिसलं" म्हणायला श्वाससुद्धा पुरा घ्यावा लागत नाही.

आत जेवणाची पहिली पंगत बसली होती. वाढदिवस आत्याचा, पण मधोमध बसला होता तिचा मुलगा व्हासिली. महागडे बूट त्याचेच. दोन्ही तळहातांची विमानं करून तो सगळ्यांना सांगत होता, की परवा त्या मालवाहू विमानाच्या चाकांनी त्याचा भांग कसा पाडला. लोक पोट धरून हसत होते. त्याच्या ओठाला चरबी लागली होती. फेटलेल्या चरबीतल्या बेरी लूबाने चमच्याने तोंडात घातल्या. लहानपणापासूनचा तिचा आवडता पदार्थ, पण आज घास टाळूला चिकटून बसला.

मंगळवारी दुपारी ती विमानतळाच्या मनोऱ्यात, विमानांना वाट सांगायच्या कामावर होती. हिमाची भुरभुर चालू होती. व्हासिली खालच्या गावाहून आईला आपल्या विमानातून घेऊन येत होता, आणि पलीकडून एक नवखा वैमानिक माल घेऊन. "समोर, जरा उजवीकडे, तुझ्याच उंचीवर विमान आहे," असं ती व्हासिलीला सांगत होती. तिचं वाक्य संपण्याआधीच तो म्हणाला, "दिसलं." वैमानिकाने एवढं म्हटलं, की पुढचं अंतर त्याने राखायचं. मनोऱ्याची जबाबदारी तिथे संपते. लूबाने काचेतून पाहिलं. दोन ठिपक्यांचा एक ठिपका झाला. तिने बोलायचं बटण दाबलं, पण शब्द फुटला नाही. मग पुन्हा दोन झाले.

तिचा साहेब डेल टेप ऐकून मोकळा झाला. त्याने "दिसलं" म्हटलंय ना, मग आपण सुटलो, असं म्हणत त्याने तिचा खांदा थोपटला. घरी गेल्यावर तिने तो शर्ट धुवायला टाकला.

आता व्हासिली उद्याचं सांगत होता. शाळेच्या बास्केटबॉलच्या पोरी सामन्याला जायच्या होत्या आणि विमान त्याचंच. पोरींचा मास्तर इग्नाती शेजारीच बसून मान डोलावत होता. उद्याही व्हासिली असाच, मान वर न करता "दिसलं" म्हणेल, हे लूबाला दिसत होतं. त्याच्याकडून इथे, सगळ्यांसमोर, खरं वदवायला हवं होतं.

"काय गं बायको," व्हासिलीने तिला पाहून हाक दिली. "वरून मजा बघितलीस ना माझी?"

आतेभावाने मामेबहिणीची आणि तिने त्याची नवरा-बायको म्हणून टर उडवायची, हा त्यांच्यातला रिवाज. चारचौघांत काही खरं बोलायचं तर ते याच वाटेने. आणि रागवायचं कोणीच नाही.

"नवरोबा," लूबा म्हणाली, "तुझी नजर घारीची म्हणतात. मीट बघू डोळे."

बायका आधीच हसायला लागल्या. त्याने डोळे मिटले.

"आता सांग, ते विमान कुठल्या बाजूने गेलं?"

"डावीकडून," तो तात्काळ म्हणाला. "खालून. हात बाहेर काढला असता तर शेपटी धरली असती."

पुन्हा हशा पिकला. त्याने डोळे उघडले नव्हते, आणि त्या मिटलेल्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की लूबाला त्याच्याकडे पाहवेना.

"उजवीकडून."

आवाज इतका बारीक होता, की कोण बोललं ते कळायला वेळ लागला. मात्रोनाआत्याने गालावरचा हात काढला होता. गाल सुजलेला नव्हता.

"माझ्या खिडकीवरून गेलं ते. आतला माणूस तोंड वासून माझ्याकडे बघत होता. कोवळा होता. तू खाली बघून थर्मासचं झाकण लावत होतास, बाळा."

कोणीतरी सवयीने हसलं आणि थांबलं. व्हासिलीने डोळे उघडले.

"आई, तुझी दाढ..."

"दाढेला काही झालेलं नाही."

इग्नाती मास्तराने वाटी खाली ठेवली. त्याने कोणाला काही विचारलं नाही. उठून दाराशी गेला आणि ढिगात आपले बूट शोधू लागला. आत्याने पुढच्या पंगतीसाठी ताटं गोळा करायला घेतली.

व्हासिली लूबाकडे वळला. तो अजून हसायचा प्रयत्न करत होता.

"तू तरी सांग यांना. तू ऐकलंस ना मला? कसा बोललो मी?"

आदल्या दिवशी डेलने लूबाला विचारलं होतं, की व्हासिलीला ते विमान खरंच दिसलं असं तुला वाटलं का. आणि लूबा "हो" म्हणाली होती.