नोएलीनने ब्रेक मारला

उतारावरून होडी पाण्यात कशी सोडावी, हे शिकवण्याचा मक्ता त्या खाडीवर सेल्विनकडे होता. कोणी दिला नव्हता, त्याने आपणहून घेतला होता. तिथल्या मासेमारी क्लबच्या भिंतीवरचा फलकही त्यानेच रंगवलेला: होडीची मागची बाजू पाण्याला लागल्याशिवाय तिला ट्रेलरशी बांधणारी साखळी काढू नये. नाताळच्या सुट्टीत ऑकलंडहून चकचकीत होड्या घेऊन येणाऱ्यांना तो हे ऐकवायचाच. आणि त्यांच्यातला कोणी फसला की उताराशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींत सगळ्यात मोठ्याने हसायचाही तोच.

जानेवारीतल्या त्या शनिवारी त्याच्यामागे चौदा गाड्यांची रांग होती. गाडी त्याची बायको नोएलीन चालवत होती. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, होडीचा ट्रेलर मागच्या मागे पाण्याकडे नेणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. पण सेल्विनला रांगेतल्या लोकांना दाखवायचं होतं, की जुनी माणसं दोन मिनिटांत होडी कशी सोडतात. म्हणून त्याने वरच, कोरड्या जागी, होडीचं नाक धरून ठेवणारा पट्टा सोडला आणि साखळीही काढून ट्रेलरच्या आकड्याला नीट गुंडाळून ठेवली. एवढ्याने काय होतंय, असं त्याला वाटलं. आजवर तो ज्यांना ज्यांना हसला होता, त्या सगळ्यांना असंच वाटलं होतं.

अर्ध्या उतारावर एक कुत्रं आडवं आलं. नोएलीनने ब्रेक मारला. ट्रेलर थांबला, होडी थांबली नाही. ट्रेलरच्या फिरत्या रुळांवरून सरळ मागे घसरली आणि काँक्रीटवर अशी आदळली, की तळाला हात जाईल एवढी भेग पडली.

खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. आणि सेल्विनच्या तोंडून निघालं, "अगं, एवढ्या जोरात ब्रेक मारतात का? झटक्याने साखळी निसटली की."

नोएलीन गाडीतून उतरली. मंडळी अजून खुर्च्यांतून उठायची होती. ती ट्रेलरच्या पुढच्या बाजूला आली, तिने आकड्याकडे पाहिलं, नीट गुंडाळलेल्या साखळीकडे पाहिलं, मग सेल्विनच्या तोंडाकडे पाहिलं. चांगली बराच वेळ पाहत राहिली. आता ही बोलणार, असं सेल्विनला वाटलं. ती वाकली, तिने साखळी सोडवली आणि आपोआप निसटल्यासारखी खाली लोंबू दिली.

"पाय जोरात पडला माझा," ती जमलेल्यांना म्हणाली. "चुकलंच."

"बस चालवायचीस तेव्हा पोरंही अशीच मागून बाहेर पडायची का गं?" खुर्च्यांवरच्या मंडळींतल्या क्लाइवने विचारलं. सगळे हसले. सेल्विनही हसला.

ते हसणं त्याला पुढे कित्येक दिवस सोडेना. खोटं बोललो ते घाबरून, असं मनाला समजावता येत होतं. हसलो कशासाठी, ते समजावता येत नव्हतं. घरी नोएलीनने एका शब्दाने विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने "त्या शनिवारचं..." एवढं म्हटलं, तर ती म्हणाली, "होडी कुठे दुरुस्त करतात ते बघ आता." होडी दुरुस्त झाली. पण उतारावर तिने पुन्हा गाडीची किल्ली हातात घेतली नाही. दुकानात पावाच्या रांगेत कोणी ना कोणी म्हणायचंच, "नोएलीन, जपून हं, पुढे माणसं आहेत." ती हसून घ्यायची. सेल्विन मागे टोपली धरून मान खाली घालून उभा असायचा.

हंगाम संपला. क्लबच्या बक्षीस समारंभात सगळ्यात मोठ्या माशाच्या बक्षिसानंतर त्यांच्याकडे आणखी एक बक्षीस असतं. उतारावर वर्षातला सगळ्यात मोठा घोळ घालणाऱ्याला फळीवर ठोकलेला, होडीच्या इंजिनाचा एक वाकडा पंखा देतात आणि त्या फळीवर त्याचं नाव कायमचं कोरतात. अध्यक्ष होहेपाने नोएलीनचं नाव पुकारलं. लोकांनी टेबलं बडवली. ती पुढे गेली आणि पंख्याला हात लावणार, तोच सेल्विन उभा राहिला.

"थांब, होहेपा. हे तिचं नाही. साखळी मी वरच काढली होती. पट्टाही मीच सोडला होता. तिची काही चूक नाही."

होहेपाने पंखा नोएलीनच्या हातात दिला. मग तो हळूच म्हणाला, "बघा रे. नवरा असावा तर असा."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अरे, खरं सांगतोय मी," सेल्विन म्हणाला.

"सेल्विन आणि साखळी वर काढणार?" क्लाइव म्हणाला. "ती लोंबताना मी स्वतः पाहिली की. बस बाबा खाली, बायका रडायला लागल्यात."

टाळ्या वाढल्या. सेल्विनला तिथल्या तिथे गाडून घ्यावंसं वाटलं. आयुष्यात एवढं कौतुक त्याचं कधी कोणी केलं नव्हतं.

"नोएलीन, तू सांग ना त्यांना. तू पाहिलं होतंस."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पंखा छातीशी धरून ती उभी होती. रागावली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

"बस खाली, सेल्विन," ती म्हणाली. लोकांना ते फारच गोड वाटलं.

जागेवर परतताना ती त्याच्या खुर्चीपाशी वाकली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते मी. तेव्हा बोलायचं होतंस."

क्लाइवने काठोकाठ भरलेला बिअरचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "आजचा माझ्याकडून," तो म्हणाला, "असा नवरा बघायला मिळत नाही." सगळे बघत होते, म्हणून सेल्विनने तो प्यायला.