सातव्या धड्यावरचा कागद

"बाई, माझ्या पुस्तकातला कागद निघाला," वरच्या वस्तीतली मुलगी म्हणाली.

नागरिकशास्त्राची नवी पुस्तकं छापून आली नव्हती. तोवर जुन्याच पुस्तकांत, सातव्या धड्यातल्या एका परिच्छेदावर कोरा कागद चिकटवा, असा सरकारी हुकूम होता. काल दिवसभर हेडसर आणि मी खळ लावत बसलो होतो. खळ पातळ झालीय, हे मी सांगितलंही होतं. "चालतंय हो बाई," म्हणाले. सहा वर्षांच्या दंगलींनंतर वरच्या आणि खालच्या, दोन्ही वस्त्यांची मुलं आज पहिल्यांदा एका वर्गात बसली होती. जरा कुठे ठिणगी पडली की शाळेला पुन्हा कुलूप. आणि ह्यांचं आपलं चालतंय!

"राहू दे, मिटव ते पुस्तक," असं मी म्हणेपर्यंत उशीर झाला. वाचायची पाळी तिचीच होती. गुणी पोर, कागदाखाली जे होतं तेच वाचू लागली.

"वरच्या वस्तीचे लोक बाहेरून आले. त्यांनी या देशाचे अन्न खाल्ले, पण..."

ती थांबली. हे आपल्याबद्दलच आहे, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

"पण देशाला कधी आपले मानले नाही," खिडकीबाहेरून आवाज आला. "अशा लोकांपासून सावध राहणे हे नागरिकाचे पहिले कर्तव्य."

खिडकीत गॅरेजवाला उभा होता. खालच्या वस्तीतले पाच-सहा बाप सकाळपासून व्हरांड्यात पहारा देत होते, त्यांचा हा म्होरक्या. हातात भला मोठा पाना. त्याची लेक दुसऱ्या बाकावर बसली होती. तो माझाच जुना विद्यार्थी. एक शब्द चुकला नाही.

माझा घरी जायचा रस्ता त्याच्या गॅरेजवरूनच जातो. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, असंच वाटलं. सव्वीस वर्षं मी तेच करत आले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच माझं नागरिकशास्त्र.

"बाई, हे खरंय?" मुलीनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "खोटं आहे. मला तेव्हाही माहीत होतं."

गॅरेजवाल्यानं खिडकीचे गज धरले. आता हा आत येणार, या भीतीनं मी त्या मुलीच्या बाकापुढे जाऊन उभी राहिले.

"माहीत होतं?" तो म्हणाला. "मग शिकवलंत कशाला?"

"भीती वाटायची रे. नोकरी जाईल म्हणून."

"आणि आमचा धाकटा भाऊ?" त्याचा आवाज चिरकला. "दंगलीत आम्ही दोघं हेच ओरडत पुलावर गेलो होतो, बाई. तो परत नाही आला."

धाकटा मला चांगला आठवत होता. काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नसे, म्हणून महिनाभर शाळा सुटल्यावर थांबवून मी त्याच्याकडून हा परिच्छेद घोटून घेतला होता. आणि त्या वर्षी पाठांतराचं पहिलं बक्षीस, सगळ्या शाळेसमोर, मीच त्याच्या हातात दिलं होतं.