येळवशीचा निवद

लिंगायताच्या दारात बांधलेली शेळी मी तरी आमच्या गल्लीत कधी बघितली नव्हती. आता बघायची तर माझ्याच दारात या.

रेणापुरात आमचं किराणा दुकान होतं. माझे डोळे गेले, म्हणजे पार गेले न्हाईत, पण वजनकाट्यावरचे आकडे दिसंनात, म्हणून शटर ओढलं. शटर पडलं आन माझी बायको कमलम्मा बी बंद पडली. काउंटरला बसून दिवसभर बोलणारी बाई ती. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या सासूचं गुडघं धरलं, समदं तिला ठाऊक. आता खिडकीपाशी बसायची आन कायबी विचारलं तर नुसतं 'हं'. जेवतेस का? हं. लातूरला पोरीकडं जायचं का? हं. मी तापट माणूस, चार बारी ओरडलो बी. ओरडून कुणी बोलतं व्हय? आणखीच मिटली.

आशात एका सकाळी सरजाबाई दारात. गल्लीच्या त्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागं राहती. नवरा गेल्यापासून शेळ्यांवर घर चालवती. हातात दावं, दाव्याला काळीभोर शेळी.

"आक्का, माझ्या कोठ्यात जागा पुरंना गेली," ती कमलम्माला म्हणली. "ही गाभण हाय. निम्म्यानं सांभाळा. पिल्लं झाली की निम्मी तुमची, निम्मी माझी."

"सरजाबाई, डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हणलं. "आमच्या घरात अंडं शिजत न्हाई."

"कापाया कोण सांगतंय आप्पा? चारा टाकाया सांगायली मी."

मी आणखी बोलणार, तेवढ्यात खिडकीतनं आवाज आला, "लिंबाखाली बांधा तिला." कमलम्माचा आवाज. मी दावं हातात घेतलं.

सरजाबाई रोज यायची, शिकवायची. दहिवरानं भिजलेला पाला सकाळी टाकायचा न्हाई, ऊन पडू द्यायचं. बसायची जागा कोरडी पायजे. चारा एकदम बदलायचा न्हाई. जंताचं औषध मनानं पाजायचं न्हाई, जनावरांच्या डॉक्टरला इचारायचं, कारण शेळी गाभण हाय. कमलम्मानं तिचं नाव गवरी ठिवलं. आधी गवरीशी बोलायला लागली, मग गवरीबद्दल माझ्याशी. "आवं, आज तिनं बाभळीच्या शेंगा कशा खाल्ल्या म्हणून सांगू." सांग बाई, सांग. शेंगांचं पुराण ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं. मोतीबिंदूचं न्हाई.

मग आली येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रं बी राहत न्हाई, समदे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, गव्हाची खीर. देवाचा निवद झाला की बैलाचा निवद. पर आमच्या रानातले बैल कवाच विकले, मशागत ट्रॅक्टरनं करतो. तवापासनं बैलाचं ताट तसंच घरी यायचं आन कमलम्मा तोंड पाडायची.

ह्या साली गवरी रानात आलेली. मी कोपीत पांडवांपुढं कापूर लावत होतो. बाहेर कमलम्मानं बैलाचं आख्खं ताट गवरीपुढं ठिवलं. उंडे, खीर, समदं. वरनं बादलीत आंबील. गवरीनं ताट चाटूनपुसून साफ केलं. "घरच्या लक्षुमीनं निवद खाल्ला," कमलम्मा म्हणली, आन मी बी येड्यावानी हसलो. बैलाचं पोट कुठं, शेळीचं पोट कुठं, दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाई.

दुपार कलली तशी गवरीनं रवंथ सोडला. डावी कूस टम्म फुगली. दात खायला लागली, मागचे पाय झाडायला लागली. कमलम्मा तिच्या गळ्याला धरून बसली. "आवं, सरजाबाईची अमानत हाय ही. पोटात पिल्लं हायत." मग एकदम गप झाली. तिचा चेहरा पुन्हा त्या खिडकीतल्यासारखा झाला, आन खरं सांगतो, मला शेळीपेक्षा त्याची जास्त भीती वाटली. शेळी गेली तर ही बाई पुन्हा काय उठत न्हाई.

सरजाबाईला आमी जेवाया बोलावलंच होतं. ती बांधावरनं येताना दिसली. मी म्हणलं, "कमलम्मा, तू बोलू नगंस. रानात कायतरी खाल्लं म्हणून सांगू." पर ती उठली आन धावत सुटली. ज्या बाईचा आवाज खिडकीबाहेर येत नव्हता, ती चार वावरं ओलांडून हाका मारत गेली, "सरजाबाई, मी खाऊ घातलं. उंडे, खीर, आंबील, मीच घातलं."

सरजाबाईनं कुणाला बोल लावला न्हाई. कुशीवर हात दाबला, डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर त्याच्या सासऱ्याच्या रानात जेवत होता. काय खाल्लं, किती खाल्लं, त्यानं इचारलं. कमलम्मानं समदं सांगितलं. तो म्हणला, बरं झालं नेमकं सांगितलं. मी येईस्तोर धान्याचा एक दाणा बी देऊ नका, आडवी होऊ देऊ नका, चालवत राहा. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजा. किती सोडा तेबी त्यानंच सांगितलं. भज्जीतले दाणे शिजवाया आणलेला सोडा डब्यात होताच. सरजाबाईनं बाटलीनं हळूहळू पाजला. "मान लई वर करू नगा आप्पा, फुफ्फुसात जातंय." मग आमी तिघं आळीपाळीनं गवरीला हरभऱ्याच्या कडंनं चालवत राहिलो. कोपीतलं जेवण तसंच गार झालं.

डॉक्टर हाताला भज्जीचा वास घेऊनच आला. इंजेक्शनं दिली, नळी घालून वायू काढला. "जगंल असं वाटतंय. गाभडली, पोटातली पिल्लं पडली, तर मात्र माझ्या हातात न्हाई," म्हणला. दिवस बुडता बुडता गवरीनं ढेकर दिला आन कडब्याचं एक चिपाड तोंडात घेतलं. मी डॉक्टरच्या पाया पडाया वाकलो. त्यानं धरून उठवलं आन म्हणला, आधी मला आंबील द्या.

गाभडली न्हाई. शिवरात्रीच्या पुढं-मागं गवरी व्याली. एक पाट, म्हणजे मादी, आन एक बोकड. कमलम्मानं सरजाबाईनं सांगितलं तसं नाळीला आयोडीन लावलं, लगेच चीक पाजला, गोणपाटावर निजवलं. आन मग आख्ख्या गल्लीला सांगत फिरली.

पिल्लं आईवाचून चरायला लागली तशी वाटणी आली. बोकड आमच्यानं बाजारात न्हेववणार न्हाई, म्हणून तो मीच उचलून सरजाबाईकडं घेऊन गेलो. तिच्या कोठ्यात मी पहिल्यांदाच पाय टाकला. बघतो तर निम्मा कोठा मोकळा. आणखी चार शेळ्या बसतील.

"सरजाबाई, जागा न्हाई म्हणला होता तुमी."

ती बोकडाला दावं लावत होती. वर न बघता म्हणली, "आप्पा, माझा मालक गेला तवा मी रोज तुमच्या दुकानात यायची. पाव किलो साखर लागायची व्हय मला रोज? आक्काशी बोलाया यायची. मागं गिऱ्हाईक खोळंबायचं, तरी आक्का मला कधी जा म्हणली न्हाई. तुमचं शटर पडलं आन तिचा आवाज यायचा बंद झाला. मला करमंना गेलं."

मी तिथंच चाऱ्याच्या पेंडीवर बसलो. हात जोडले. 

"ऐका की," सरजाबाई म्हणली.

गल्लीच्या त्या टोकावरनं कमलम्माचा आवाज येत होता. कुणाला तरी खडसावून सांगत होती, शेळीला शिळी भाकर घालू नगंस म्हणून.