चारशे लाकडी डोकी

हॅटच्या कारखान्यात पुन्हा पाऊल टाकायला रिबनबाईंना एकतीस वर्षं लागली, आणि वेळ मिळाला तो चार वाजेपर्यंतचा. चारला टेम्पो येणार होता. इमारतीत आता फ्लॅट होणार होते. चौथ्या मजल्यावरचे लाकडी साचे, ज्यांच्यावर वाफवलेला नमदा, दाबलेली जाड लोकर, ओढून हॅटला आकार द्यायचे, ते कुणा सजावटवाल्याने दिव्यांच्या बैठकींसाठी घेतले होते. लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेना, तेव्हा डोक्यावरच दिवा लावायचा, दुसरं काय!

बाईंना त्यातला एकच साचा हवा होता. वडिलांच्या डोक्याचा.

कारखान्याची रीतच होती तशी. नोकरीची पंचवीस वर्षं भरली की साचेवाला त्या कामगाराच्या डोक्याचा हुबेहूब साचा कोरायचा. त्यावर बनलेली हॅट घरी जायची आणि साचा पितळी नंबर ठोकून फळीवर राहायचा. वडिलांची हॅट त्यांच्याबरोबरच गेली. फोटो एकच, त्यातही डोक्यावर हॅट. वाफेच्या खोलीत राबलेला माणूस, संध्याकाळी डोकं ठणकतच घरी यायचा. ते चेपायचं काम थोरल्या लेकीचं. डाव्या कानाच्या वर मशीनचा पट्टा लागून खळगा पडला होता, त्यात तिचा अंगठा बरोब्बर बसायचा. ती थकून हात काढायला गेली की वडील म्हणायचे, "थांब जरा, अजून उतरलं नाही."

"एकच घ्यायचा हं, आजी," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

"आजी घरी. इथे मी रिबनच्या टेबलावर बावीस वर्षं काढलीत."

सोबत धाकटा भाऊ होता. सत्तरीला टेकला तरी धाकटाच. जिना चढून त्याच्या तोंडाला फेस आला होता. त्याने फळ्यांवर नजर फिरवली. "ताई, नंबर कुठायत गं?"

"पितळ होतं ना ते, भंगारात गेलं," ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं.

"झालं! चारशे डोकी आणि सगळी टकली. आता शोध बापाला."

बाईंनी चष्मा काढून पदराच्या गाठीत बांधला. इथे डोळ्यांचं काम नव्हतं. एकेका साच्यावर डावा हात फिरवत त्या निघाल्या. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. एके काळी सकाळचा भोंगा झाला की तिथे पाय ठेवायला जागा नसायची. समोर बटणवाले, पलीकडे हातमोजेवाले, कोपऱ्यावर छत्रीच्या मुठी वळणारे. सगळ्या गावाच्या अंगावर डोक्यापासून बोटांपर्यंत गावातलंच काहीतरी असायचं. आता बटणवाल्यांच्या जागी व्यायामशाळा होती, आणि आत धट्टीकट्टी माणसं घाम गाळून काहीच बनवत नव्हती. बाईंना त्यांचा उगीचच राग आला.

पावणेचार झाले. खळगा काही सापडेना.

"हा घे," भावाने जवळचा एक उचलला. "आपल्यासारखाच वाकडा आहे. कुणाला कळतंय?"

"मला कळतं."

पण आवाज पडला होता. त्या खाली बसल्या आणि टेकायला म्हणून शेजारच्या साच्यावर हात ठेवला. बोटांना लाकूड लागलं नाही, मऊ काहीतरी लागलं. डावीकडे, कानाच्या वर, नमद्याचं रुपयाएवढं ठिगळ डकवलेलं होतं. या साच्यावरून त्यांचा हात आधी दोनदा गेला होता.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शिकाऊ पोरीनेही केली नसती अशी चूक! साच्यात खळगा ठेवला तर हॅट तिथे आत बसते आणि जगाला खोक दिसते. म्हणून साचेवाला खळगा बुजवतो. बाई बापाचं डोकं शोधत बसल्या होत्या, हॅटवाल्याचा साचा शोधायचं विसरून.

त्यांनी नखाने ठिगळाची कड उचलली. सरस केव्हाच सुकला होता, ठिगळ अलगद निघालं. खाली खळगा होता. साचेवाल्याने आधी तो जसाच्या तसा कोरला होता आणि मग दोस्ताची लाज राखायला झाकला होता.

बाईंनी अंगठा ठेवला. बरोब्बर बसला.

भाऊ काहीतरी चेष्टा करायला म्हणून पुढे झाला. पण त्याने नुसताच साच्याच्या माथ्यावर हात ठेवला. बापाच्या डोक्याला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ असावी, चेपायचं काम नेहमी तिचंच.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. ठेकेदाराचा माणूस दारात आला. "सापडला ना? चला मग, आटपा."

रिबनबाईंचा अंगठा हळूहळू फिरत होता.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अजून उतरलं नाही."