पनवेलला पोचलेला खोकला

साडेतीनचा भोंगा झाला की डिलाईल रोडवरच्या त्या चाळीतली माणसं आधी चहा घ्यायची आणि मग घरी जायची. त्या वर्षी चहा बाजूला राहिला. अंगावरचा कापूस न झटकता माणसं सरळ तळमजल्याच्या मागच्या खोलीसमोर रांग लावू लागली. ही खोली गिरणीच्या भिंतीला चिकटून होती, आणि तिच्या कोपऱ्यातल्या फरशीत नारळ जाईल एवढं भोक होतं. भोकाभोवती हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि शेजारी मांडी घालून बसलेले आनंदाबुवा.

बुवा उदबत्ती पेटवायचे. तिचा धूर आधी चारचौघांच्या धुरासारखा वर जायचा. मग बुवा ती हळूहळू भोकाजवळ न्यायचे, तसा धूर वाकायचा, खाली वळायचा आणि सरळ भोकात शिरायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. खात्यात जॉबरला, म्हणजे मुकादमाला, न जुमानणारे पुरुष इथं मान खाली घालून उभे राहायचे.

"धूर वर जातो तो तुमचा-आमचा," बुवा डोळे मिटून सांगायचे. "खाली जातो तो आईचा. इथून सह्याद्रीच्या पोटातून थेट घाटमाथ्यावरच्या वाघजाईच्या गाभाऱ्यापर्यंत भुयार आहे, मायबाप. आई तिकडं श्वास घेते, तो इकडं कळतो. मनातलं चिठ्ठीवर लिहा आणि सोडा. आई ओढून नेईल."

चिठ्ठी भोकावर धरली की सुर्रकन आत जायची. मग बुवा फरशीला कान लावायचे. "निघाला तुझा खोकला. ठाणं गेलं. पनवेलला पोचला. आता घाट चढतोय, जरा दमलाय. चढला. उतरला समुद्रात." तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. चाकरमान्याला गावी जायचं तर एक बोट, नाहीतर दिवसभर एसटीची धडधड. आजारांना मात्र बुवांनी भुयारी मार्ग काढून दिला होता.

रांगेच्या मागं, दाराला टेकून, दौलत शिगवण हे सगळं बघत उभा राहायचा आणि आतल्या आत जळायचा.

दौलत आता कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर रखवालदार होता, पण त्याआधी पाच वर्षं त्यानं घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यावर काढली होती. मोजणीच्या साहेबाचे ओळंबे धरायचं काम त्याच्याकडं होतं. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खोदायचं, छताला ओळंबे टांगायचे, त्यांच्यामागं दिवा ठेवायचा, आणि दोरीच्या रेघेवर रेघ जुळवत आंधळ्या दगडात पुढं सरकायचं. शेवटचा सुरुंग उडाला, मधली भिंत पडली आणि पलीकडच्या टोळीचा दिवा दिसला, तेव्हा दोन तोंडांमध्ये फरक निघाला चार बोटांचा. दौलतच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती.

चाळीत आल्यावर त्यानं ती सांगितली. लोकांनी एकदा ऐकली, दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा तो तोंड उघडू लागला की "दौलत बोगद्यात शिरला रे" म्हणून माणसं उठायला लागली. त्याची बायको शांता तर पहिल्याच वेळी तांदूळ निवडायला उठून गेली होती. आणि तीच शांता आता बुवांच्या खोलीत पहिल्या ओळीत बसून त्या खोट्या भुयाराच्या गोष्टी डोळे मोठे करून ऐकत होती.

त्यातून हा आनंदा काही परका नव्हता. त्याच कामावर तीन महिने होता. डोंगरातून खाली बोगद्यापर्यंत खणलेली हवेची एक विहीर होती, तिच्या तळाशी पेटवलेल्या शेगडीत कोळसे घालायचं काम त्याच्याकडं होतं. एक दिवस सुरुंगाचा आवाज जवळून ऐकला आणि पळाला. पळालेला बुवा झाला आणि टिकलेला रखवालदार, हे दौलतला काही केल्या गिळवेना.

एका संध्याकाळी त्याच्यानं राहवलं नाही. "बुवा, एक विचारू? एवढं लांब भुयार खणलं, तर आतला दगड कुठं टाकला? आम्ही अर्धा मैल खणला तर बाहेर एक टेकडी झाली होती. तुमची टेकडी दिसत नाही कुठं ती?"

बुवा हसले. "दौलतराव, माणसानं खणलं की टेकडी होते. आईनं खणलं की आई गिळते."

खोलीत हशा पिकला. सुभद्रा नावाची शेजारीण मागं वळून म्हणाली, "दौलतभावजी, तुमच्या बोगद्याला कोण विचारीत नाय म्हणून ह्या बोगद्यावर का राग?" सगळ्यात वाईट म्हणजे शांताही हसली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "तो लबाड आहे."

"तुमी जळता त्यांच्यावर," शांता म्हणाली आणि खोकली. "पाच वर्षं डोंगरात होता, तुमाला एकदा तरी आई दिसली?"

"रोज कामाला लागताना तिला हात जोडत होतो. पण ओळंबे मीच धरायचो, ती नाही."

शांताचा खोकला साधा नव्हता. छातीचा क्षय होता, आणि शिवडीच्या डॉक्टरांनी आठवड्यातून दोन इंजेक्शनं लिहून दिली होती. रविवारी तांदळाच्या डब्यामागं दौलतला तिचं इस्पितळाचं कार्ड सापडलं. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक घरात सही होती. पुढची सहा घरं कोरी होती.

"सुई टोचलेल्या अंगाचं आई काही ओढत नाय," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "बुवांनी सगळ्यांनाच सांगितलंय."

दौलत शिवडीला धावला. डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि चष्मा काढला. "हे औषध मध्ये सोडलं की आजार शहाणा होतो. मग तेच औषध त्याला लागू पडत नाही. आठ दिवसांत घेऊन या, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

आठ दिवस. दौलतनं हात जोडले, आवाज चढवला, तिच्या आईला मध्ये घातलं. सगळ्याला शांताचं एकच उत्तर होतं, की तुमी जळता. आणि पंचाईत अशी की ते खरं होतं. तो बुवाबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज त्यालाच ओळखू यायचा नाही.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्ताभर माणसं आणि घोषणा. घसा बसेपर्यंत ओरडून माणसं दुपारी बुवांच्या खोलीत आली, आणि त्या दिवशी धूर भोकात जाईना. उदबत्तीभोवती घुटमळत राहिला. बुवांच्या कपाळावर घाम आला, पण तो पुसता पुसता त्यांना सुचलं. "मायबाप, आईसुद्धा हरताळात उतरली आहे. मुंबईसाठी तिनं आज श्वास रोखलाय."

खोली जयजयकारानं दणाणली. दौलतच्याही तोंडून अर्धी घोषणा निघून गेली, कारण मुंबई त्यालाही हवीच होती. मग तो चडफडत बाहेर आला आणि पायरीवर बसला. समोर गिरणीची चिमणी होती. आज तिच्यातून धूर नव्हता.

तो बघत राहिला. मग त्याला रविवार आठवला. रविवारी देवीचं मौन असतं म्हणून बुवांची खोली बंद असायची, आणि याचं कुणाला कधी नवल वाटलं नव्हतं. गिरणगावात आठवड्याची सुट्टी सगळ्यांनाच असते, तशी देवीलाही असणार, एवढाच विचार लोकांनी केला होता. दौलतनंही तोच केला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

गिरणीच्या बॉयलरवर गंगाधर नावाचा फायरमन होता, दौलतच्या गावचा. संध्याकाळी दौलतनं त्याला गाठलं. "चाळीच्या बाजूला जुनं काही होतं काय रे?"

"होता ना. जुना बॉयलर तिकडंच होता," गंगाधर म्हणाला. "तो काढला, पण धूर न्यायची विटांची नळी जमिनीखाली तशीच हाय. आमची मोठी नळी चिमणीकडं जाते, तिलाच मिळते. बुजवायची म्हणतात, कोण बुजवतो?"

दौलतच्या डोळ्यांसमोर घाटातली हवेची विहीर उभी होती. सुरुंगाचा विषारी धूर बाहेर काढायला तिच्या तळाशी शेगडी पेटवायची. गरम हवा विहिरीतून वर चढते, आणि तिच्यामागं बोगद्यातली सगळी हवा आपोआप ओढली जाते. गिरणीची चिमणी म्हणजे तीच विहीर, आणि बॉयलर म्हणजे तीच शेगडी. आनंदा डोंगरात तीन महिन्यांत जे शिकला, ते त्यानं वाया घालवलं नव्हतं.

"चिमणीच्या बुडाशी झडप असते ना?"

"डँपर. पण तो चालू भट्टीवर टाकला तर धूर मागं फिरंल, बाबा."

"मला तेच हवंय," दौलत म्हणाला. शांताचं कार्ड त्यानं गंगाधरसमोर ठेवलं. गंगाधरनं कोऱ्या घरांवरून बोट फिरवलं.

"उद्या भोंग्यानंतर पाव तासानं. दोनच मिनिटं. तिसऱ्याला साहेब विचारील."

दुसऱ्या दिवशी साडेतीनचा भोंगा झाला. खोली भरली, शांता पहिल्या ओळीत होती. बुवांनी उदबत्ती पेटवली, धूर वाकून भोकात गेला, आणि दौलत पुढं येऊन उभा राहिला.

"आला बोगदेवाला," कुणीतरी म्हणालं.

"मी ह्या बुवावर जळतो," दौलत म्हणाला. "माझी बायको म्हणते ते खरं आहे. माझं कुणी ऐकत नाही आणि ह्याचं ऐकता, म्हणून मला झोप लागत नाही. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. भोकावर ठेवा. आत्ता देवी श्वास घेतेय. थोड्या वेळानं ती खोकेल."

"आईची चेष्टा करतोस?" बुवा ओरडले.

दौलत मनात आकडे मोजत होता. उदबत्तीचा धूर थबकला. वळला. सरळ वर गेला. आणि मग भोकातून भसकन काळा लोट आला, झेंडूच्या माळांवर, बुवांच्या पांढऱ्या दाढीवर, पहिल्या तीन ओळींवर. माणसं खोकत उठली.

"कोप झाला आईचा," बुवा काजळलेल्या तोंडानं म्हणाले.

पण ती माणसं गिरणीची होती. वीस वीस वर्षं तो वास त्यांनी नाकातून घरी आणला होता. एका म्हाताऱ्या साच्यावाल्यानं हवा हुंगली. "कोप कसला? हा आपल्या बॉयलरचा कोळसा हाय."

तेवढ्यात लोट थांबला, आणि धूर निमूटपणे परत भोकात शिरू लागला. मग दौलतनं सगळं सांगितलं. विहीर, शेगडी, चिमणी, रविवार, हरताळ. तो बोगद्यात शिरला आणि पहिल्यांदाच कुणी उठून गेलं नाही. त्यानं मागच्याच्या हातात उदबत्ती दिली. "घरी चुलीच्या धुराड्याशी धरून बघा. तिथंही ओढेल. तिथं कुंकू वाहणार काय?"

गर्दीतल्या चार जणांनी फरश्या उचलल्या. खाली विटांची काळी नळी निघाली आणि हातभर अंतरावर तिचं पहिलं वळण. त्या वळणावर सगळ्या चिठ्ठ्या एकावर एक अडकून पडल्या होत्या. पनवेल राहिलं दूर, एकाही दुखण्यानं डिलाईल रोडसुद्धा ओलांडला नव्हता. बुवा कधी निसटले ते कुणाला कळलं नाही. सुभद्रानं आपली चिठ्ठी शोधली आणि न वाचता फाडून टाकली.

शांताचं अक्षर दौलतनं ओळखलं. चिठ्ठीत खोकल्याचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'ह्यांना परत बोगद्यावर बोलावणं येऊ नये.'

गेल्या दिवाळीत मोजणीच्या साहेबाचं पत्र आलं होतं, नवा बोगदा निघतोय, तयार रहा. दौलतनं ते चाळभर दाखवलं होतं. त्यानं चिठ्ठी बायकोपुढं धरली. "आणि खोकला?"

"एका वेळी एकच मागायचं असं होतं," शांता म्हणाली. "माझं मग बघू म्हटलं."

"ह्याच्यासाठी सुया सोडल्यास?"

"पाच वर्षं तो डोंगर माझी सवत होता. घरी आलात तरी तिच्याच गोष्टी. त्या बसून ऐकू मी?" तिचे डोळे भरले होते, आणि ते धुरानं नव्हते.

दौलत तिथंच फरशीच्या कडेवर बसला. इतके महिने आपण एकटेच जळतोय असं त्याला वाटत होतं. "हे मला सांगितलं असतंस, तर मी गेलो नसतो," तो म्हणाला. "भोकाला कशाला सांगायचं?"

"तुमी ऐकलं असतं?"

दौलत उठला. त्यानं साहेबाचं पत्र घरातून आणलं आणि तिच्या हातात दिलं.

सातव्या दिवशी दोघं शिवडीला गेली. बाकावर नंबर येईपर्यंत वेळ होता. शांता कार्ड गुडघ्यावर ठेवून बसली होती. "ती विहीर," ती एकाएकी म्हणाली, "खालून हवा ओढते कशी, ते परत सांगा. तिथं घाईत नीट कळलं नाय."

दौलतनं तिच्याकडं बघितलं, थट्टा आहे का ते चाचपलं, आणि सांगायला लागला. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. चाळीतल्या लोकांनी बुवांच्या बाबतीत एवढंच केलं असतं, धूर कुठं जातो म्हणून एकदा विचारलं असतं, तर कार्डावरची सहा घरं कोरी राहिली नसती. आत नाव पुकारलं तेव्हा शांता स्वतःहून उठली, आणि बाही वर सारत आत गेली.