तिसऱ्या गल्लीची शिट्टी

सकाळी साडेसातला तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका माणसाने शिट्टी वाजवली. दोन आखूड, एक लांब. त्याच्या आधी तीच शिट्टी खालच्या रस्त्यावरून आली होती. त्याने फक्त उत्तर दिलं. अर्धी दाढी झाली होती, लक्ष खिडकीला टांगलेल्या आरशात होतं, आणि दोन बोटं आपसूक तोंडात गेली.

तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. या घरात येऊन चार वर्षं झाली. इथला पत्ता मोठ्या बहिणीखेरीज जुन्या ओळखीच्या कोणालाही माहीत नव्हता. साडेसातपर्यंत.

"अहो, कबुतरं उडाली सगळी," बायको म्हणाली. "कोणाला बोलावताय?"

तो खिडकीखाली बसला होता. "तिथून बाजूला हो," तो म्हणाला.

टाकीवाल्यांची टोळी सुरू झाली तेव्हा तिला टोळी कोणी म्हणत नव्हतं. वस्तीच्या टोकाला पाण्याची टाकी होती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून काही पोरं टाकीच्या कठड्यावर बसून असायची. पाणी आलं की शिट्टी. पहिल्या गल्लीतल्या पोराने ती दुसरीला द्यायची, दुसरीतल्याने तिसरीला. नियम एकच होता: ऐकली की वाजवायची, विचार करत बसायचं नाही. तिसऱ्या गल्लीत हा उभा असायचा, चौथीला द्यायला. आवाज असा, की त्याचं नाव भोंगा पडलं. बायका कौतुकाने चहा पाठवायच्या.

पुढे पाणी आल्याची वर्दी देणारेच कोणाची बादली आधी लागेल ते ठरवू लागले. मग कोणाची गाडी कुठे उभी राहील ते, मग कोणाचं दुकान उघडेल ते. शिट्टी तीच राहिली. आधी ती म्हणायची पाणी आलं, मग पोलीस आले, मग बाहेर पडा.

ज्या संध्याकाळी बाजाराकडच्या टोळीतला एक जण मारला गेला, तेव्हाही भोंग्याने शिट्टी पुढे दिली होती. मारामारीत तो नव्हता. खुनाचा सुरा टोळीच्या म्होरक्याने टाकीत टाकला होता. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तो नेमका तिथूनच काढला. म्होरक्याला शिक्षा झाली. त्याला सगळे दादा म्हणतात. भोंग्याने वस्ती सोडली. गेल्या महिन्यात दादा अपिलात सुटला, आणि सुरा कोणी दाखवला, एवढंच तो विचारत फिरतोय. त्याची माणसं शहरभर रस्तोरस्ती शिट्टी वाजवतात. जुना असेल तो उत्तर देणारच, हे त्याला ठाऊक आहे. ती सवय त्यानेच लावली होती.

भोंग्याने बहिणीला फोन लावला. ती अजून टाकीजवळच राहते, कपडे शिवते.

"ताई, मी उत्तर दिलं."

"कशाला?"

"शिट्टीला."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "आयुष्यात माझ्या हाकेला कधी पहिल्यांदा ओ दिली नाहीस. आणि त्यांना लगेच?"

"हात गेला गं. पण मी घाबरत नाही. सुरा मी दाखवलेला नाही. भेटून तोंडावर सांगतो."

"मग तो विचारेल, कोणी दाखवला."

"मला काय माहीत?"

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मी दाखवला. टाकताना पाहिलं होतं मी. गप्प बसले असते तर पुढच्या खेपेला तू आत गेला असतास, नाहीतर वर."

त्याने गालावरचा फेस पुसला.

"ऐकतोयस ना? बायकोपोरीला घे आणि सटक. मला कोण विचारतंय?"

"माझ्या दाराला कुलूप दिसलं, की ते सरळ तुझ्याकडे येतील, ताई."

खालून कोणीतरी हाक मारली. आवाज अगदी मायेचा होता. "भोंग्या, चहा प्यायला ये रे खाली."

बायकोने पडद्याआडून पाहिलं. एक स्कूटर, दोन माणसं. "भोंग्या कोण हो?" तिने विचारलं. उत्तराआधीच ती मुलीची चप्पल शोधू लागली.

मुलीला घेऊन ती मागच्या जिन्याने उतरली आणि आपल्या भावाकडे पोचली. निघताना ती एवढंच म्हणाली, "दाढी तरी पुरी करा."

त्याने ती पुरी केली नाही. वॉचमनने नंतर सांगितलं, की तो पुढच्या दाराने बाहेर पडला, एक गाल साफ, दुसऱ्यावर खुंट. त्या दोघांशी हसून बोलला. अवजारांची पिशवी वॉचमनकडे ठेवली, दुपारी नेतो म्हणाला. मग तिघेही एकाच स्कूटरवरून टाकीच्या दिशेने गेले.

पिशवी अजून वॉचमनच्या खुर्चीखाली आहे. दोघा भावंडांचे फोन वाजतात, उचलत कोणी नाही. ताईच्या दाराला बाहेरून कडी आहे, कुलूप नाही. शेजारणीने खिडकीतून डोकावलं तेव्हा कापड मशीनवर होतं, सुई त्यात रुतलेली.

संध्याकाळी टाकीकडून शिट्टी आली. पहिल्या गल्लीने दुसरीला दिली. दुसरीने तिसरीला दिली. तिथून पुढे ती अजून गेलेली नाही.