टेम्पोसकट घर

जोतीरामला बारामतीत दोन खोल्या भाड्यानं हव्या होत्या, पण खाली टेम्पो उभा राहील अशा. बायको तुळसा होती तोवर ही गरज नव्हती. पळसदेवला स्वतःचं घर होतं. तो पहाटे धरणाच्या काठावरून मासे उचलायचा, बारामतीच्या बाजारात विकायचा, आणि घरी लेकीजवळ तुळसा असायची. हिवाळ्यात ती गेली. आता लेकीला, उत्कर्षाला, बारामतीत अकरावीला प्रवेश मिळाला होता आणि तिला कुठंही एकटी ठेवायला त्याचं मन धजत नव्हतं. टेम्पो लांब रस्त्यावर लावला तर बॅटरी चोरीला जाणार, म्हणून राखायला त्यालाच टेम्पोत झोपावं लागणार. म्हणजे पोरगी परत एकटीच.

भिगवण रस्त्याकडच्या नव्या इमारती त्यानं पालथ्या घातल्या. एका ठिकाणी मालाची गाडी चालणार नाही म्हणाले. दुसरीकडं पार्किंगचं छत इतकं खाली, की टेम्पोवरची बर्फाची पेटी अडली. तिसरीकडं सोसायटीचे सेक्रेटरी टेम्पोच्या मागं जाऊन आले, नाकावरचा रुमाल काढला आणि जागा पाहुण्यांच्या गाडीसाठी ठेवलीय म्हणाले.

चौथ्या घरी जोतीराम शहाणा झाला. टेम्पो कोपऱ्यापलीकडं ठेवून बापलेक चालत गेली. घरमालकीण प्रयागबाई, साठीला टेकलेली, वरच्या मजल्यावर एकटीच राहायची. मधला मजला भाड्याचा आणि खाली खांबांवर मोकळी जागा, चांगली उंच. ती बघूनच जोतीरामचा जीव तिथं जडला. मग त्याला प्रयागबाईच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली.

गाडी कशाची, असं तिनं विचारलं.

"दुधाची," जोतीराम म्हणाला. बारामतीच्या मुलखात दुधाला कोण नाही म्हणणार?

प्रयागबाईचा चेहराच उतरला. मागचा भाडेकरू दूधवालाच होता. सकाळ-संध्याकाळ कॅनचा खणखणाट, कॅन धुवायला तिचाच नळ, आणि सांडलेलं दूध चाटायला गल्लीतली सगळी कुत्री. तिनं कानाला खडा लावला होता. पोरगी गुणाची दिसते, पण दुधाची गाडी नको, असं म्हणून ती उठलीच.

उत्कर्षा बापाकडं बघत राहिली. थाप मारून घर गेलंच होतं, खरं बोलून आणखी काय जाणार होतं?

"मावशी, दुधाची न्हाय. माशाची हाय. पळसदेवच्या धरणावरनं चिलापी आणतो. तुमची माळ बघितली आन् सांगायचा धीर झाला न्हाय."

प्रयागबाई परत खाली बसली. कुणाचा तू, म्हणून विचारलं. नाना भोयाचा, असं त्यानं सांगितलं.

"जुन्या गावात देवळाखाली घर हुतं, त्या नानाचा?"

"व्हय."

"मग मावशी कुणाला म्हणतो रं? गावच्या लेकीला आत्या म्हणत्यात. बायकूनं एवढंबी शिकवलं न्हाय व्हय?"

"ती गेली, आत्या. हिवाळ्यात."

प्रयागबाईनं उत्कर्षाला हात धरून जवळ बसवून घेतलं. मग सावकाश सांगू लागली. धरण झालं आणि जुनं पळसदेव पाण्यात गेलं तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. रान बुडाल्यावर तिच्या बापानं जाळं धरलं, आणि तिचं लग्न त्या माशांच्या पैशावरच झालं. माळ सासरी आल्यावरची. वासाचं काय, म्हणाली, तो माहेरचाच की. पण पेटी बाजारातच धुऊन आणायची, आणि एकादशीला वरपर्यंत वास आला तर गाठ तिच्याशी.

कबूल म्हणत जोतीराम टेम्पो आणायला कोपऱ्याकडं निघाला.

टेम्पो आत घेताना उत्कर्षा मागं उभी राहिली आणि आईसारखीच पेटीवर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत राहिली. पेटी छताखालून अलगद आत गेली. जोतीरामनं चावी काढली आणि तसाच बसून राहिला. वरून आत्यानं जेवायला हाक मारली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला कडकडून भूक लागलीय. तुळसा गेल्यापासून अशी भूक लागली नव्हती.